छोट्या ट्रॉलीचे टायर : नक्षी नव्हे, तारीख आणि वजन पाहा



आपल्या शाळेच्या शेडमागे दोन चाकांची एक छोटी ट्रॉली उभी असते, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. वर्षातून दोनदा तिचे काम पडते. अनंत चतुर्दशीला गणपतीची मूर्ती आणि मखर घेऊन ती जीपच्या मागे घाटापर्यंत जाते आणि स्नेहसंमेलनाच्या वेळी जनरेटर व मंचाचे सामान आणते. बाकी वर्षभर ऊन, पाऊस आणि थंडी सोसत एका जागी उभी असते.

गेल्या सभेत या ट्रॉलीच्या नव्या टायरांच्या खर्चाचा विषय निघाला, तेव्हा एका विश्वस्तांनी विचारले, "टायरची नक्षी तर अजून नव्यासारखी आहे, मग बदलायचे कशासाठी?" प्रश्न अगदी रास्त आहे. शाळेचा पैसा म्हणजे पालकांचा पैसा, तो विचारूनच खर्च व्हायला हवा. या प्रश्नाचे उत्तर सर्वांनाच उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे ते सभेच्या इतिवृत्तात न ठेवता येथे सविस्तर लिहीत आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, दुकानात किंवा गावच्या शेतावर अशी एखादी हलकी ट्रॉली असतेच.

धाव ते टायर

आपल्या भाषेत बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेल्या लोखंडी पट्टीला "धाव" म्हणतात. लोहार ती तापवून चाकावर बसवी आणि वरून पाणी ओतले की ती आकसून घट्ट होई. धाव मजबूत खरी, पण रस्त्याचा प्रत्येक धक्का ती सरळ गाडीला आणि बैलाच्या मानेला देत असे.

रबराला टिकाऊ करण्याची, म्हणजे गंधकाबरोबर तापवून पक्के करण्याची रीत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये सापडली. हवा भरलेल्या चाकाचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले, पण ते मागे पडले. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर केला आणि तो जगभर गेला. आपल्या देशात बंगालमधील साहागंज येथे १९३६ मध्ये डनलपचा कारखाना निघाला. तो आता बंद आहे, पण नाव राहिले. उत्तरेकडे रबरी चाकाच्या बैलगाडीलाच लोक "डनलप" म्हणू लागले. महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ऊस वाहणारी टायरगाडी आजही दिसते.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे की भार पेलणारी खरी वस्तू रबर नसून आतली हवा आहे. रबर आणि त्यातील दोऱ्यांचे थर हे त्या हवेचे भांडे. भांडे कुजले किंवा हवा कमी झाली, तर वरची नक्षी कितीही सुरेख असली तरी उपयोग नाही.

उभा टायरही म्हातारा होतो

आपली ट्रॉली वर्षाला पन्नास किलोमीटरही धावत नाही. त्यामुळे नक्षी झिजत नाही आणि पाहणाऱ्याला टायर नवा वाटतो. पण रबराचे वय किलोमीटरवर ठरत नाही. हवेतील ऑक्सिजन व ओझोन, उन्हातील अतिनील किरणे आणि उष्णता यांनी रबर हळूहळू कडक होते. कारखान्यात रबरामध्ये काही मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात. टायर फिरताना दबतो-सुटतो, तेव्हा हे पदार्थ पृष्ठभागावर येऊन त्याचे रक्षण करतात. उभ्या टायरला हे संरक्षण नीट मिळत नाही. म्हणून धावणाऱ्या मोटारीपेक्षा उभ्या ट्रॉलीच्या टायरला बारीक भेगा लवकर पडतात. भोपाळच्या मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा तापलेल्या जमिनीवर एकाच जागी दबून राहिलेल्या टायरची काय स्थिती होत असेल, याचा विचार करावा.

१० सप्टेंबर २०१२ रोजी इंग्लंडमध्ये सरे परगण्यात एका संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या तरुणांची बस झाडावर आदळली. चालकासह तीन जण गेले. चौकशीत निघाले की पुढचा फुटलेला टायर १९ वर्षांहून अधिक जुना होता, पण त्याची नक्षी नियमाप्रमाणे शिल्लक होती. म्हणजे तपासणाऱ्याने केवळ नक्षी पाहिली असती तर तो टायर पास झाला असता. मृत तरुणांपैकी एकाच्या आईने अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून तेथे बस व ट्रकच्या पुढच्या चाकांना १० वर्षांपेक्षा जुना टायर लावण्यास बंदी झाली. तेथील प्रवासी ट्रेलर वापरणाऱ्यांना तर पाच वर्षांनंतर टायर बदलण्याचा आणि सात वर्षांच्या पुढे मुळीच न वापरण्याचा सल्ला दिला जातो.

टायरची जन्मपत्रिका

टायरचे वय ओळखणे अगदी सोपे आहे. टायरच्या बाजूवर "डी.ओ.टी." या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी लंबगोलात चार अंक असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. २६१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या २६व्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या अखेरीस तयार झाला. तीनच अंक असतील तर टायर २००० सालापूर्वीचा आहे, त्याला तत्काळ निरोप द्यावा. कधी कधी हे चार अंक टायरच्या आतल्या बाजूला येतात. मग ट्रॉलीखाली वाकून पाहावे लागते.

आपल्या ट्रॉलीच्या डाव्या टायरवर ३८११ आणि उजव्यावर ०७१२ हे अंक आहेत. डावा सप्टेंबर २०११ चा आणि उजवा फेब्रुवारी २०१२ चा. दोन्हींच्या बाजूंवर बोटाच्या नखाला लागतील अशा भेगा आहेत. विश्वस्तांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या आठ अंकांत आहे.

आकड्यांची भाषा

आता उरलेले अर्धे, म्हणजे वजन. समजा टायरवर लिहिले आहे : १४५/८० आर १२ ७४ टी. हा आकार लहान मोटारींना लागतो, म्हणून बाजारात सहज मिळतो. यातील १४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के. "आर" म्हणजे रेडियल. १२ म्हणजे रिमचा व्यास इंचांत.

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. १४५ चे ८० टक्के ११६. वरची आणि खालची मिळून २३२. १२ इंच म्हणजे सुमारे ३०५ मिलिमीटर. चाकाचा व्यास ५३७ मिलिमीटर, परीघ सुमारे १.६९ मीटर. म्हणजे एका किलोमीटरला हे चाक जवळजवळ ५९० फेरे घेते. रिक्षाचे लहान चाक याहून किती तरी जास्त फेरे घेईल, म्हणून तेवढ्याच वेगात ते अधिक तापते आणि खड्ड्यातही खोल उतरते.

शेवटचे "७४" आणि "टी" हे आपल्या कामाचे. ७४ हा भारांक आहे. एका टायरने पूर्ण हवेवर किती भार पेलायचा, हे तो सांगतो. ७४ म्हणजे ७४ किलो असा समज करून घेऊ नये, त्यासाठी ठरलेला तक्ता आहे :

भारांक ६२ – २६५ किलो
भारांक ६५ – २९० किलो
भारांक ६९ – ३२५ किलो
भारांक ७४ – ३७५ किलो
भारांक ८० – ४५० किलो
भारांक ८५ – ५१५ किलो

"टी" हे अक्षर वेगाची मर्यादा सांगते. "जे" म्हणजे तासाला १०० किलोमीटर, "एल" १२०, "एस" १८० आणि "टी" १९०. आपल्या ट्रॉलीला इतका वेग स्वप्नातही नको, पण अक्षर असणे आवश्यक आहे, कारण त्यावरून टायर मोटारीच्या वेगासाठी बनला आहे हे कळते.

आधी वजन, मग टायर

पुष्कळ लोक दुकानात जाऊन "या रिमला बसेल तो द्या" असे म्हणतात. क्रम उलटा हवा. आधी ट्रॉलीचे भरलेले वजन ठरवावे. सर्वांत उत्तम म्हणजे सामान चढवून धर्मकाट्यावर नेणे. ते न जमल्यास बेरीज करावी. आपल्या ट्रॉलीचा हिशेब असा :

रिकामी ट्रॉली १६० किलो
मूर्ती व चौरंग ९० किलो
मखर व लाकडी पाट्या ६० किलो
जनरेटर ७० किलो
ध्वनिक्षेपक व बॅटरी ५० किलो
एकूण ४३० किलो

दोन चाकांवर वाटले तर प्रत्येकी २१५ किलो. पण रस्ता सपाट नसतो. श्यामला हिल्सच्या चढ-उतारावर किंवा एक चाक खड्ड्यात गेल्यावर एका बाजूला भार जास्त येतो. म्हणून टायरच्या क्षमतेच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक भार नेहमीसाठी धरू नये. २१५ ला ०.७५ ने भागले की २८७ येतात. म्हणजे आपल्याला कमीत कमी ६५ भारांकाचा टायर हवा. ७४ भारांकाचा घेतला तर हाताशी अधिक गुंजाइश राहते.

आता खरी गोष्ट. विसर्जनाच्या दिवशी घाटावरून परत येताना ट्रॉली रिकामी असते, चालक घाईत असतो आणि थकलेली मुले तिच्यात चढून बसतात. समजा सामान असतानाच पन्नास-पन्नास किलोची सहा मुले चढली. वजन ७३० किलो झाले, प्रत्येक चाकावर ३६५. हीच मुले काही पाहण्यासाठी एका बाजूला झुकली, तर त्या बाजूच्या टायरवर ४०० किलोच्या वर भार जाईल. आपला मजबूत टायरही तेथे उणा पडतो आणि २०११ चा भेगाळलेला टायर असेल तर काय होईल, हे सांगायला नको. दोन चाकांच्या ट्रॉलीचा एक टायर फुटला की ती त्या बाजूला ओढली जाते आणि उलटू शकते. जीप चालवणाऱ्याला मागे काय झाले हे क्षणभर कळतही नाही.

१३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे आपल्याच शहरात खटलापुरा घाटावर विसर्जनाच्या वेळी नाव उलटून ११ तरुण बुडाले. २ ऑक्टोबर २०२५ रोजी खंडवा जिल्ह्यात देवीच्या विसर्जनाला निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली तलावात पडली आणि ११ जण गेले, त्यात लहान मुली होत्या. या घटना टायरमुळे घडल्या असे मी म्हणत नाही. पण उत्सवाच्या उत्साहात "हे वाहन किती भार घेऊ शकते" हा प्रश्न विचारणारा कुणीतरी हवा, एवढे त्या सांगून जातात. टायरची निवड याच प्रश्नापासून सुरू होते.

कोणता टायर घ्यावा, कोणता नको

अमेरिकेत खास ट्रेलरसाठी बनवलेले टायर मिळतात, त्यांवर आकाराच्या आधी "एस.टी." अशी अक्षरे असतात. आपल्या बाजारात हलक्या ट्रॉलीसाठी बहुधा दुसऱ्या वाहनांचे टायरच वापरतात. त्यांतून निवड करताना हे ध्यानात असावे.

लहान मोटारीचा किंवा छोट्या मालवाहू गाडीचा टायर चांगला. मालवाहू गाडीच्या टायरवर "एल.टी." आणि "८ पी.आर." असे लिहिलेले असते, म्हणजे त्याचे थर अधिक मजबूत असतात आणि त्यात हवा अधिक भरता येते. भार जास्त असेल तर हाच घ्यावा. मात्र अगदी हलक्या ट्रॉलीला फार कडक टायर लावला तर ती रिकामी असताना उड्या मारते, हेही खरे.

स्कूटरचा टायर लावू नये. स्कूटर वळणावर झुकते म्हणून तिचा टायर गोलसर असतो. ट्रॉली झुकत नाही, त्यामुळे असा टायर मधल्या अरुंद पट्टीवरच टेकतो.

बैलगाडीचा टायर दिसायला मोठा, जाड आणि किमतीत स्वस्त असतो, म्हणून खेड्यात तो ट्रॉलीला सर्रास लावतात. पण तो बैलाच्या चालीसाठी, तासाला चार-पाच किलोमीटरसाठी बनवलेला आहे. जीपच्या मागे पन्नासच्या वेगात तो धोक्याचा आहे.

रबर चढवलेला जुना टायरही नको. वर नवी नक्षी येते, पण आतले थर त्याच वयाचे राहतात.

एकाच आसावर एक रेडियल आणि एक साधा आडव्या दोऱ्यांचा टायर लावू नये. दोन्ही सारखे, शक्यतो एकाच महिन्याचे घ्यावेत. टायरवर आय.एस.आय. चिन्ह आहे की नाही ते पाहावे. टायर खरेदी करताना दुकानदारासमोरच चार अंकांची तारीख वाचावी. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर "नवा" म्हणून घेऊ नये. रिमवर गंज किंवा चीर असेल तर नवा टायर घालूनही लाभ नाही, आधी रिम बदलावी.

हवेची निगराणी

चांगला टायरही उभा असताना दरमहा साधारण एक पौंड हवा गमावतो. ३० पौंड भरून ठेवलेल्या चाकात दहा महिन्यांनी २० च उरतात. टायर दिसायला फुगलेलाच दिसतो, पण कमी हवेत त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात. एकच तार पुन्हा पुन्हा वाकवून पाहा, ती वाकण्याच्या जागी तापते आणि शेवटी तुटते. टायरचेही तसेच होते. थर तापतात, सुटतात आणि टायर फुटतो. भारांकाची क्षमता पूर्ण हवेवरचीच असते, कमी हवेवर ती मिळत नाही. मोटारीच्या टायरला मोटारीचा आकडा लावू नये, ट्रॉलीच्या भाराप्रमाणे आणि टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आतच हवा भरावी.

हवा थंड टायरमध्ये मोजावी. विज्ञानाच्या वर्गात आपण शिकलो की बंद जागेतल्या हवेचे तापमान वाढले की दाब वाढतो. ३० पौंडांच्या टायरमध्ये १० अंश वाढीला सुमारे दीड पौंड वाढतो. जानेवारीच्या पहाटे मोजलेला आकडा मेच्या दुपारी चार पौंडांनी वेगळा दिसू शकतो. म्हणून धावून तापलेल्या टायरमधून "जास्त झाली" म्हणून हवा सोडू नये.

आपण काय करायचे

१. दोन्ही टायर व ट्यूब या गणेशोत्सवापूर्वी बदलावेत. भारांक ७४ किंवा अधिक, दोन्ही एकाच जातीचे. त्याबरोबर एक स्टेपनी.

२. ट्रॉलीच्या फळीवर पांढऱ्या रंगाने "सामान २७० किलोपर्यंत, माणसे बसण्यास मनाई" आणि टायरचे वर्ष लिहावे.

३. वर्षभर ट्रॉली ठोकळ्यांवर उचलून, शेडच्या आत, चाके ताडपत्रीने झाकून ठेवावी.

४. दर तीन महिन्यांनी हवा मोजावी. हे काम नववीच्या विद्यार्थ्यांचा गट शिक्षकांच्या देखरेखीखाली करील आणि वहीत नोंद ठेवील.

५. मोटारगाड्यांसाठी नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, ती नक्षीतल्या उंचवट्याच्या खुणेवरून कळते. तेवढी झीज आली किंवा टायरला सहा वर्षे झाली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा टायर बदलावा.

६. विसर्जनाच्या दिवशी जाता-येता ट्रॉलीत एकही विद्यार्थी बसणार नाही. मुलांच्या परतीसाठी वेगळी बस असेल. पालकांनी या बाबतीत "थोड्या अंतरासाठी चालेल" असा आग्रह धरू नये, ही नम्र विनंती.

विश्वस्त मंडळींनी विचारलेला प्रश्न चांगला होता, कारण त्यामुळेच टायर वाचले गेले. टायरांचा खर्च पुढील सभेत मांडत आहे. तो मंजूर व्हावा अशी अपेक्षा आहे.

विद्यार्थ्यांसाठी या महिन्याचा गृहपाठ : घरातील प्रत्येक वाहनाच्या प्रत्येक टायरवरील चार अंक आणि भारांक वहीत लिहून आणा. स्टेपनी विसरू नका. बहुधा घरातला सर्वांत म्हातारा टायर तोच निघेल.

– प्राचार्य